पिस्टन स्लॅप आणि इंजिनचे आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि कळंबोली-भिवंडीच्या ट्रकवाल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक जण आवाज कसा आहे ते सांगतात: टकटक, खडखड, ठक्‌ठक्‌. त्यावरून निदान करायला गेलं की फसगत होते, कारण पाच वेगवेगळे दोष हुबेहूब सारखी टकटक करतात. आवाज कधी सुरू होतो, कशाने वाढतो आणि कधी थांबतो, यावरून मात्र बरंच कळतं. म्हणून पुढच्या बहुतेक उत्तरांत भर त्यावर आहे.

१. पिस्टन स्लॅप म्हणजे नक्की काय? पिस्टन आपटतो तरी कशावर?

सिलिंडरच्या भिंतीवर. पिस्टनचा खालचा भाग, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो आणि बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या भोकाची, भिंत यांच्यात थोडा गॅप ठेवावाच लागतो. पेट्रोल कारच्या नव्या इंजिनात तो साधारण ०.०३ ते ०.०६ मिमी असतो. पिस्टन वर चढताना कनेक्टिंग रॉड एका बाजूला कललेला असतो आणि उतरताना दुसऱ्या बाजूला. त्यामुळे वरच्या टोकाला पिस्टन एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर जातो, आणि नेमका त्याच वेळी डोक्यावर जळणाऱ्या गॅसचा दाब आलेला असतो. गॅप बेताचा असेल तर मधल्या ऑइलच्या थरात तो अलगद टेकतो. गॅप वाढला की आपटतो. तोच स्लॅप.

हे होऊ नये म्हणून बऱ्याच पिस्टनमध्ये गजनपिन, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन, बरोबर मधोमध नसते, जोर येणाऱ्या भिंतीच्या बाजूला साधारण ०.५ ते १.५ मिमी सरकवलेली असते. त्यामुळे पिस्टन एकदम न आपटता आधी खालच्या कडेने टेकतो आणि मग पूर्ण बसतो. पिस्टनच्या डोक्यावर जो बाण किंवा खूण असते ती याचसाठीही असते. ती चुकली तर काय होतं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

२. सकाळी सेल्फ मारल्यावर टकटक येते आणि पाच मिनिटांत जाते. इंजिन उघडावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि बोअर किंवा लायनर (बोअरमध्ये बसवलेली नळी) बहुधा बिडाचा. त्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ८० मिमीच्या बोअरचा हिशेब केला तर तापमान ५० अंशांनी वाढल्यावर पिस्टन साधारण ०.०८ मिमी वाढतो आणि लायनर ०.०४ मिमी. म्हणजे ०.०४ मिमी गॅप आपोआप भरून निघतो आणि आवाज विरतो.

मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही तापमान सहसा १५ अंशांखाली जात नाही, त्यामुळे इथला थंड स्लॅप तसा लवकर मिटतो. तीच गाडी नाशिकला रात्रभर उघड्यावर राहिली तर सकाळी आवाज मोठा आणि जास्त वेळ येतो. त्यात गाडी एका रात्रीत बिघडलेली नसते.

थंड इंजिनात येऊन दोन ते पाच मिनिटं चालवल्यावर पूर्ण जाणारा आवाज, ऑइल न खाणं, सायलेन्सरमधून निळा धूर नाही, पिकअप जसाच्या तसा, या चारही गोष्टी जुळत असतील तर ते इंजिन पुढे कित्येक वर्षं चालू शकतं. दर दोन-तीन महिन्यांनी एक नोंद ठेवा: थंड सुरुवातीपासून किती मिनिटांनी आवाज थांबला. तीन मिनिटांची सहा महिन्यांत आठ झाली, तर झीज पुढे सरकते आहे. मोबाइलवर बॉनेट उघडून केलेलं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग, तारीख आणि किलोमीटरसह, मिस्त्रीला शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगतं.

३. थंड इंजिनात येऊन गरम झाल्यावर जाणारा प्रत्येक आवाज स्लॅपच असतो का?

नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. स्लॅपशी हुबेहूब जुळणारा पहिला संशयित म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (हेडला जोडलेल्या, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचं) गळकं पॅकिंग किंवा तुटलेला स्टड. थंड असताना फटीतून गॅस टकटक करत निसटतो. धातू फुगला की फट बंद होते आणि आवाजही बंद. ओळखायला सोपं: मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर काळ्या काजळीची रेघ दिसते आणि थंड असताना तिथे धुराचा वास येतो. थंड इंजिन सुरू करून लगेच, मॅनिफोल्ड तापायच्या आत, जोडाजवळ हाताचा मागचा भाग धरला तर फुंकर लागते. सुरू केल्यापासून वीस सेकंदांनंतर हात तिथे नेऊ नका. स्टड बदलण्याच्या कामासाठी इंजिन उघडलं गेल्याची उदाहरणं कमी नाहीत, म्हणून ही तपासणी सगळ्यात आधी.

सुरू केल्यावर फक्त एक ते तीन सेकंद साखळी ओढल्यासारखी खडखड आली तर टायमिंग चेनच्या टेन्शनरकडे पाहा. त्यात ऑइलचा दाब भरेपर्यंत चेन सैल राहते. दोन ते दहा सेकंदांची बारीक टिकटिक हायड्रॉलिक टॅपेटची (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हचा गॅप भरून काढणाऱ्या भागाची) असते. ऑइल फिल्टरमधला रबरी व्हॉल्व्ह ऑइल खाली उतरू देतो तेव्हा हे होतं आणि चांगल्या प्रतीचा फिल्टर लावल्यावर बऱ्याचदा थांबतं. स्लॅप सेकंदांत जात नाही, त्याला मिनिटं लागतात.

न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत खडखड आहे आणि क्लच दाबताच थांबते, तर तो आवाज गिअरबॉक्स किंवा क्लचकडचा आहे. इंजिन सोडून द्या.

थंड डिझेलचा कडक ठोका वेगळा. डिझेल थंड हवेत पेटायला उशीर करतं आणि साचलेलं सगळं एकदम पेटतं. सोबत थोडा पांढरा धूर असेल तर नोझल, ग्लो प्लग किंवा टायमिंग बघा.

४. एक मिस्त्री टॅपेट म्हणतो, दुसरा स्लॅप. कोणाचं खरं मानायचं?

दोघांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही आवाजांचा ताल एकच असतो. व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो आणि स्लॅपचा मोठा ठोकाही दोन फेऱ्यांत एकदा, पेटल्यानंतर येतो. ८०० आरपीएमवर दोन्ही मिनिटाला ४०० वेळा. कानाने ताल मोजून फरक कळणार नाही.

फरक जागेत आहे. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप घ्या, नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर. फॅन आणि बेल्टपासून केस, ओढणी, सैल बाह्या दूर. आधी वरच्या टॅपेट कव्हरवर ठेवा, मग हेड पॅकिंगच्या चार-पाच सेंमी खाली ब्लॉकच्या बाजूला, मग खाली ऑइल चेंबरवर. कव्हरवर सगळ्यात स्वच्छ आणि कोरडी टिकटिक आली तर टॅपेट. ब्लॉकच्या वरच्या भागात, एखाद्याच सिलिंडरसमोर, लाकडी दारावर बोटाच्या पेराने वाजवल्यासारखा बोदा ठोका आला तर स्लॅप. चेंबरवर जड ठोका असेल तर प्रश्न ७ लगेच वाचा.

आणखी एक: समोरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात जोर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताच्या भिंतीवर येतो. ब्लॉकच्या त्या बाजूला स्लॅप जास्त स्पष्ट लागतो. उलट फिरणाऱ्या इंजिनात बाजूही उलट.

५. इंजिन न उघडता खात्री कशी करायची?

पेट्रोल गाडीसाठी दोन टप्पे. आवाज येत असतानाच, म्हणजे थंड इंजिनवर, एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याचा काढल्यावर आवाज मऊ होतो तो सिलिंडर धरा. प्लगची वायर किंवा कॉइल काढू नका, नाहीतर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर स्कॅनरने घालवता येतो. या टप्प्यावर फक्त सिलिंडर कळतो, दोष कळत नाही, कारण रॉडचा ठोकाही असाच मऊ होतो. गजनपिन सैल असेल तर मात्र बऱ्याचदा आवाज कमी होण्याऐवजी दुहेरी येतो.

मग त्या सिलिंडरचा प्लग काढून आत १० मिलि इंजिन ऑइल सोडा, पान्याने क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा, प्लग बसवा आणि सुरू करा. निळा धूर निघेल. त्या वेळात ठोका दबला आणि धूर सरल्यावर परत आला तर स्लॅप. रॉडच्या बेअरिंगला या ऑइलने काही फरक पडत नाही. दहा मिलिच्या वर टाकू नका. कारण प्रश्न ११ मध्ये आहे. डिझेलमध्ये ही चाचणी करायचीच नाही.

बोअरस्कोप मिळाला तर सगळ्यात चांगलं. पिस्टन खाली नेऊन प्लगच्या भोकातून कॅमेरा घाला. चांगल्या बोअरवर होनिंगच्या, म्हणजे दगडाने बारीक घासल्याच्या, तिरक्या जाळीच्या रेघा दिसतात. झिजलेल्यावर जोराच्या बाजूला उभा, आरशासारखा चकचकीत पट्टा दिसतो आणि त्यात नखाला लागतील अशा उभ्या चरा असतात.

६. ट्रकमध्ये सिलिंडर कट करायला नोझलचा पाइप सैल केला तर चालतो का? जुन्या गाड्यांत तसंच करायचे.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांत करत. कॉमन रेल इंजिनात अजिबात नाही. तिथे दाब १,६०० बार आणि त्याच्याही वर असतो. नट थोडा सैल झाला तरी केसाएवढी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत गेलेल्या डिझेलमुळे बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. तसं झालंच तर वाट न बघता हॉस्पिटलमध्ये जा आणि दाबाने डिझेल आत गेलं आहे हे स्पष्ट सांगा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकमध्ये सिलिंडर कट-आउट चाचणी स्कॅनरमधून होते. तीच करा.

७. माझ्या गाडीत उलट आहे. थंड असताना शांत, गरम झाल्यावर ठोका.

गाडी बंद करा आणि टो करून न्या. गरम ऑइल पातळ होतं, त्यामुळे झिजलेल्या कनेक्टिंग बेअरिंगमधला किंवा मेन बेअरिंगमधला ठोका गरम झाल्यावर वाढतो. स्लॅपचं वागणं याच्या बरोबर उलट. न्यूट्रलमध्ये २,००० ते २,५०० आरपीएमवर धरून पाय हळू सोडताना ठक्‌ठक्‌ अशी जोडीने आली, तर कनेक्टिंगचा संशय पक्का. ही चाचणी एकदाच, दोन-तीन सेकंदांची. ऑइलचा दिवा आयडलिंगला लुकलुकत असेल तर तीही नको.

ऑइलचा खरा दाब मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनवर मोजा. प्रत्येक १,००० आरपीएममागे सुमारे १० पीएसआय हा जुना अंदाज आहे, अंतिम आकडा मॅन्युअलचा. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उन्हात उघडून पाहा. लोहचुंबकाला चिकटणारा काळा भुसा लोखंडी भागांचा, न चिकटणारी चंदेरी कपची पिस्टनची किंवा बेअरिंगची, आणि तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा आतला थर उघडा पडला आहे. या अवस्थेत घाट चढला तर कनेक्टिंग ब्लॉक फोडून बाहेर येतं. मग क्रँक पॉलिश करून बेअरिंग टाकण्याचं काम राहत नाही, ब्लॉकच जातो.

८. मुंबईच्या उकाड्यात नको म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला. त्याचा स्लॅपशी काय संबंध?

थेट संबंध आहे. हा सल्ला मुंबईत इतका सर्रास दिला जातो की स्लॅपच्या प्रत्येक तक्रारीत आधी तेच विचारावं लागतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. तो काढला की सुरुवातीपासून पाणी रेडिएटरमधून फिरतं आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन हव्या त्या तापमानाला पोचतच नाही. पिस्टन पुरेसा फुगत नाही आणि पाच मिनिटांत जाणारा आवाज तासभर राहतो. शिवाय थंड भिंतीवर पेट्रोल-डिझेल साचून ऑइल धुऊन नेतं आणि बोअर लवकर झिजतो. म्हणजे आधी खोटा स्लॅप आणि वर्षा-दोन वर्षांनी खरा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढला असेल तर तापण्याचं कारण शोधा: चोंदलेला रेडिएटर, फॅनचा रिले, कॅप, वॉटर पंप, हेड पॅकिंग. नवा थर्मोस्टॅट मूळ तापमानाचाच घ्या. काटा कायम निम्म्याच्या खाली राहत असेल तर काढला नसला तरी तो उघडा अडकला आहे असं समजा.

९. जाड ऑइल टाकलं की आवाज कमी होतो. मग टाकायला काय हरकत?

आवाज दबतो, झीज नाही. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकलं तर थंड सुरुवातीला ऑइल वर पोचायला उशीर होतो, आणि सगळ्यात जास्त झीज त्याच काही सेकंदांत होते. ट्रकमध्ये १५डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर तेच. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये तर कमी राखेचंच ऑइल हवं, नाहीतर फिल्टर राखेने भरतो.

उलट कधी कधी ऑइल पातळ झाल्यानेच आवाज वाढतो. अंधेरी ते बीकेसी रोज जाम, इंजिन पूर्ण तापायच्या आत बंद, त्यामुळे डीपीएफ जाळण्याची क्रिया अर्धवट राहते आणि जादा डिझेल ऑइल चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, ऑइलला डिझेलचा वास आला, तर लगेच ऑइल बदला. पातळी मॅक्सच्या वर म्हणजे चांगली गोष्ट नव्हे.

१०. सकाळी रेस देऊन इंजिन लवकर गरम केलं तर?

नको. रेस दिल्यावर पिस्टन झपाट्याने फुगतो, ब्लॉक मागे राहतो, गॅप क्षणभर नाहीसा होतो आणि स्कर्टवर चार ठिकाणी घासल्याच्या खुणा उमटतात. सुरू करून २० ते ३० सेकंद थांबा आणि काटा वर येईपर्यंत हलक्या पायाने चालवा. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर इंजिन ओढायला लावू नका. फ्लायओव्हर चढताना एक गिअर खाली घ्या. स्लॅप अशाच ओढीत सगळ्यात जास्त वाजतो.

११. पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेली गाडी दुरुस्त होऊन आली, पण आता ठोका येतो.

वाकलेला कनेक्टिंग रॉड, हा पहिला अंदाज. पाणी दाबलं जात नाही. १,२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचे ३०० सीसी, कॉम्प्रेशन १०:१. म्हणजे पिस्टन वर गेल्यावर उरणारी जागा फक्त ३३ मिलि, मोठे दोन चमचे आणि वर थोडं. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात एअर फिल्टरमधून एवढं पाणी ओढलं गेलं की पिस्टन जागीच अडतो आणि रॉड वाकतो. गाडी सुरू होते, म्हणून काही झालं नाही असं वाटतं. पण वाकलेला रॉड पिस्टनला तिरकं चालवतो. उघडल्यावर स्कर्टवर तिरकी झीज दिसते: एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली.

उघडण्याआधी प्रत्येक पिस्टन टोकाला आणून प्लगच्या भोकातून डेप्थ गेजने उंची मोजा आणि चारही आकडे ताडून पाहा. ८० मिमीच्या बोअरमध्ये एक पिस्टन १ मिमी खाली राहिला तर जागा ५ मिलिने वाढते आणि कॉम्प्रेशन १० वरून ९ च्या खाली येतं, त्यामुळे कॉम्प्रेशन गेजवरही तोच सिलिंडर मागे दिसतो.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नका, धक्का देऊन गिअरमध्ये टाकू नका. बॅटरी सोडवा, टो करा, सगळे प्लग किंवा नोझल काढून क्रँक हाताने फिरवा आणि पाणी बाहेर पडू द्या. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर फिल्टरसकट बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर आहे का ते पावसाच्या आधी पाहा. साध्या पॉलिसीत पाण्याने झालेलं असं नुकसान बहुधा नाकारलं जातं.

१२. सीएनजीवर आवाज येतो, पेट्रोलवर येत नाही. सीएनजीने पिस्टन खराब झाला का?

पेट्रोलवर टाकताच आवाज थांबत असेल तर तो सीएनजी इंजेक्टर रेलचा आहे. त्या इंजेक्टरची टिकटिक मुळातच मोठी असते आणि ब्रॅकेट बॉडीला टेकत असेल तर केबिनमध्ये घुमते. ब्रॅकेटखाली रबर आहे का बघा.

सीएनजीने पिस्टन-बोअर विशेष झिजत नाही, कारण ऑइल धुऊन नेणारं ओलं इंधन त्यात नसतं. खरी चिंता वेगळी आणि ती आवाज न करणारी आहे. कोरड्या गॅसमुळे व्हॉल्व्हची सीट खोल जाते आणि टॅपेटचा गॅप हळूहळू मिटतो. सैल टॅपेट वाजतो, टाइट टॅपेट गप्प राहतो. व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो, त्याची उष्णता सीटमध्ये जात नाही आणि तो जळतो. गाडी अलीकडे फार शांत झाली असं सांगणाऱ्या टॅक्सीचं व्हॉल्व्ह क्लिअरन्स आधी तपासावं. फिलर गेज घेऊन, थंड इंजिनवर, मॅन्युअलच्या अंतराने. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर हा गॅप मोजावा लागत नाही.

१३. ट्रकमध्ये थोडा स्लॅप असला तर काय बिघडतं? ट्रक तसाही आवाज करतोच.

कानाला बिघडत नाही, लायनरला बिघडतं. ट्रकमध्ये बहुधा वेट लायनर असतो, म्हणजे त्याच्या बाहेरून थेट कूलंट वाहतो. पिस्टन आतून आपटला की लायनर थरथरतो, बाहेरच्या कूलंटमध्ये बारीक बुडबुडे होतात आणि भिंतीवरच फुटतात. प्रत्येक बुडबुडा कणभर धातू उचलतो. काढलेला लायनर हातात घेऊन पाहिला तर जोराच्या बाजूला उभ्या पट्ट्यात वाळवी लागल्यासारखी भोकं दिसतात. एखादं भोक आरपार गेलं की पाणी ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि बेअरिंग जातात.

यावरचा उपाय बादलीभर नळाचं पाणी हा नव्हे. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचा डिझेल कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड पाण्यात. त्यातली रसायनं लायनरवर पातळ थर धरतात आणि बुडबुड्यांचा मार तो थर झेलतो. घाटात पाणी कमी पडलं म्हणून साधं पाणी टाकावंच लागलं, तर मुक्कामावर पोचून कूलंट पुन्हा नीट भरा.

ट्रकमध्ये आणखी एक तपासा: एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर. त्याचाही पिस्टन-कनेक्टिंग असतो आणि त्याचा ठोका इंजिनचाच वाटतो. टाक्या भरून फुस्स आवाज झाला की कॉम्प्रेसरवरचा भार उतरतो. त्या क्षणी ठोका बदलला, आणि ब्रेक पाच-सहा वेळा दाबून हवा उतरवल्यावर परत आला, तर इंजिन ठीक आहे.

१४. इंजिनचं काम केलं, तरी स्लॅप तसाच. कधी कधी तर आधीपेक्षा जास्त. असं का?

सर्वांत जास्त आढळणारं कारण: नुसत्या रिंगा टाकल्या. रिंगा कॉम्प्रेशन आणि ऑइल सांभाळतात, पिस्टनचं डुलणं थांबवत नाहीत. वर होनिंग केलं असेल तर बोअर आणखी थोडा मोठाच झाला.

दुसरं, पिस्टन उलटा बसला, म्हणजे बाण मागे. प्रश्न १ मधला पिनचा फायदा मग तोट्यात जातो. तिसरं, पिस्टन चुकीच्या जागी मोजला. पिस्टन गोल नसतो, पिनच्या दिशेने कमी आणि आडव्या दिशेने जास्त, शिवाय वरून खाली बॅरलसारखा. मायक्रोमीटर पिनशी काटकोनात, स्कर्टच्या खालच्या कडेपासून मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवरच लावायचा. बोअर गेजने बोअर वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि दोन दिशांनी, म्हणजे सहा आकडे. सगळं एकाच खोलीत, एकाच तापमानाला. लेथवरून नुकताच आलेला गरम ब्लॉक मोजू नका. सर्वांत मोठा बोअर वजा पिस्टन, हा तुमचा गॅप. बऱ्याच कार इंजिनांत ०.१० ते ०.१५ मिमीच्या आसपास मर्यादा संपते, तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

बोअर मर्यादेबाहेर असेल तर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइझ पिस्टन, आणि बोअरिंग पिस्टन हातात आल्यावर त्या पिस्टनच्या मापाने. आधी बोअर करून मग बाजारात पिस्टन शोधायला जाण्याची पद्धत सोडा. ट्रकमध्ये लायनर-पिस्टन-रिंगचा पूर्ण सेट एकाच मेकचा घ्या आणि लायनर ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते डायल गेजने पाहा. काही आधुनिक ॲल्युमिनियम ब्लॉकवर भिंतीला फक्त पातळ लेप असतो. त्यांना साधं बोअरिंग चालत नाही, हे आधी विचारा. फोर्ज्ड पिस्टन घातले असतील तर ते जास्त फुगतात म्हणून गॅप मुद्दाम जास्त असतो आणि थंड आवाज येणारच.

१५. हायवेवर गाडी तापली, थंड करून आणली. दुसऱ्या दिवसापासून टकटक सुरू.

पिस्टनचा स्कर्ट बसला. प्रमाणाबाहेर तापल्यावर पिस्टन बोअरला दाबला जातो, स्कर्टचा आकार आत दबतो आणि थंड झाल्यावर परत येत नाही. इथे प्रश्न २ चा दिलासा लागू नाही. बोअरस्कोप, कॉम्प्रेशन आणि हेड पॅकिंग तिन्ही तपासा.

१६. स्लॅपमुळे पिकअप कमी होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नॉक सेन्सर ब्लॉकला बसवलेला मायक्रोफोनच असतो. ८० मिमीच्या बोअरमध्ये पेट्रोलचं नॉकिंग (इंधन वेळेआधी भडकून होणारा ठोका) साधारण ७ किलोहर्ट्झला वाजतं. स्लॅपची कंपनं त्या पट्ट्यात शिरली तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नॉकिंग समजून टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात, थंड इंजिनवर हलक्या भारालाही टायमिंग मागे जाताना दिसलं आणि गरम झाल्यावर सुधारलं तर हे कारण धरा. सेन्सर बदलून फरक पडणार नाही.

१७. सेकंडहँड गाडी घेताना स्लॅप कसा पकडायचा?

थंड इंजिनवर. विकणाऱ्याला आधीच सांगा की सुरू करू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर, मग डिपस्टिकला हात लावा. कोमट लागली तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. सेल्फ तुम्ही मारा, बॉनेट उघडं, पंखा-एसी-म्युझिक बंद. ऑइल मधासारखं जाड वाटलं आणि ते बदलल्याची तारीख कालची असेल तर किंमत ठरवण्याआधी बोअरस्कोप लावून घ्या. ऑइल भरायचं झाकण काढून धूर जोरात येतो का पाहा, त्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. स्लॅप असूनही बॅक कॉम्प्रेशन नसेल तर प्रश्न २ चे निकष लावून गाडी घेता येईल, फक्त भाव त्या हिशेबाने करा.